लक्ष्य शेवाळ ठरवत नाही

समुद्री शेवाळातून काढलेल्या पॉलिमरमध्ये केमोथेरपीचं औषध भरलं की ते थेट कॅन्सरच्या पेशींवर जातं, निरोगी पेशींना धक्का लागत नाही, पदार्थ नैसर्गिक असल्याने अपाय होत नाही आणि आपल्याला एवढा मोठा किनारा लाभलेला असल्याने हे सगळं स्वस्तात होईल. हे विधान हल्ली इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने केलं जातं की हरकत घेणारा माणूस निसर्गाच्याच विरोधात आहे, असं समजलं जातं. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. अल्जिनेट, कॅरागीनन, अगार हे माझ्या रोजच्या कामातले पदार्थ आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. म्हणूनच ही हरकत नोंदवतो आहे. त्या विधानाचा एकेक तुकडा थोडाथोडा खरा आहे. ते तुकडे जोडून तयार होणारं वाक्य मात्र खोटं आहे. आणि ते ज्यांच्या कानावर पडतं त्यांच्यातले पुष्कळजण हातात बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन बसलेले असतात.

आधी खरं काय ते सांगतो, कारण ते कमी मोलाचं नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या तपकिरी शेवाळांवर काम करणाऱ्या ई. सी. सी. स्टॅनफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८८१मध्ये अल्जिनेट वेगळं काढलं. मॅन्युरॉनिक आणि गुल्युरॉनिक अशा दोन आम्लशर्करांची ही लांबलचक साखळी. कॅल्शियम मिळालं की गुल्युरॉनिकचे भाग समोरासमोर येतात, मधल्या पोकळ्यांत कॅल्शियम अडकतं आणि क्षणात जेल तयार होतं. अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तशी ही रचना असल्याने शास्त्रातही तिला तेच नाव आहे. फार्मसीच्या प्रॅक्टिकलला सोडियम अल्जिनेटचं द्रावण सिरिंजच्या सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडतात. थेंब पडताक्षणी त्याचा मणी होतो. उष्णता नको, विषारी द्रावक नको, यंत्र नको. नाजूक प्रथिनं, अगदी जिवंत पेशीसुद्धा या मण्यांत बंद करता येतात. जखमेवरच्या पट्ट्या, दातांचे ठसे घेण्याची पूड, आम्लपित्तावरची औषधं यांत अल्जिनेट वर्षानुवर्षं वापरात आहे. तपकिरी शेवाळातलंच फ्यूकॉइडन १९१३मध्ये स्वीडनच्या हाराल्ड क्यूलिन यांनी वेगळं केलं. त्याच्या साखळीवर सल्फेटचे गट असतात आणि त्यांच्यामुळे ते काही प्रथिनांना घट्ट धरतं. पुढे त्याच्याविषयी बरंच बोलायचं आहे, कारण या विषयातलं सर्वांत चांगलं काम त्याच्यावर झालेलं आहे.

आता थेट जाण्याचा दावा बघू. शिरेतून दिलेला सूक्ष्म कण रक्तात उतरला की पाहता पाहता त्याच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर चढतो. त्यानंतर शरीराच्या संरक्षक यंत्रणेची गाठ पडते ती या थराशी. आतला पॉलिमर समुद्रातून आला की कारखान्यातून, हे तिला कळायचं काही कारण नाही. यकृतातल्या कुप्फर पेशी आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी असे परके कण टिपून काढतात, तेच त्यांचं काम आहे. टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चान यांच्या गटाने २०१६मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. हजारात सात. उरलेल्यांतला मोठा वाटा यकृत आणि प्लीहा यांनी उचललेला.

या आकड्यावर औषधगतिशास्त्राच्या जाणकारांनी आक्षेप घेतले आणि ते रास्त होते. नुसतं औषध टोचलं तरी त्यातलाही फार थोडा भाग गाठीत जातो. उपचाराचा गुण एकाच आकड्यावर ठरत नाही. औषध गाठीत किती काळ टिकतं आणि बाकीचं शरीरात कुठे साठतं, हे दोन्ही बघावं लागतं. मला हा आक्षेप मान्य आहे. पण तो मान्य केला म्हणून ‘निरोगी पेशींना धक्का लागत नाही’ हे वाक्य वाचत नाही, उलट ते अधिक अडचणीत येतं. कारण मग प्रत्येक नव्या वाहकाने यकृतात काय साठतं, किती दिवस साठतं आणि तिथे काय करतं याचा हिशेब द्यायला हवा. अल्जिनेट-नॅनोकणांवरच्या प्रबंधांत हा हिशेब मला क्वचितच दिसतो. औषध किती भरलं आणि डिझोल्यूशनच्या भांड्यात किती तासांत किती टक्के सुटलं, तिथेच बहुतेकांची मजल संपते.

गाठीत कण आपोआप साठतात ही समजूत कुठून आली, तेही सांगायला हवं. १९८६मध्ये जपानमधल्या कुमामोतोत मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात आणि लसिकेचा निचरा अपुरा असतो, त्यामुळे मोठे रेणू तिथे शिरतात आणि अडकून राहतात. निरीक्षण मोलाचं होतं. मात्र ते झालं उंदरांमध्ये, आणि उंदराच्या गाठीचं गणित माणसाला लागू करणं फार धोक्याचं आहे. वीस-पंचवीस ग्रॅमच्या उंदराला एक ग्रॅमची गाठ असली तर ती त्याच्या वजनाच्या चार-पाच टक्के झाली. साठ किलोच्या माणसात तेवढ्या प्रमाणाची गाठ अडीच-तीन किलोंची भरेल. शिवाय उंदरातली गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली असते. माणसाच्या स्तनात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेल्या गाठीच्या रक्तवाहिन्या तशाच झिरपतील, असं धरून चालता येत नाही. माणसामाणसांत, एवढंच काय, एकाच माणसाच्या दोन गाठींतही फरक आढळतो. चान यांच्याच गटाने २०२०मध्ये दाखवलं की उंदरांतसुद्धा कण बहुतांशी भिंतीतल्या फटींतून जात नाहीत, रक्तवाहिनीच्या पेशी त्यांना आपल्यातून पलीकडे नेतात. म्हणजे ज्या यंत्रणेच्या भरवशावर ‘आपोआप पोचतात’ असं लिहिलं जातं, तिच्याबद्दलची समजच अजून बदलते आहे.

शेवाळाचा संबंध नसलेल्या वाहकांचा अनुभवही आपल्यापुढे आहे आणि तो शिकण्यासारखा आहे. डॉक्सोरुबिसिन लिपिडच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं डॉक्सिल १९९५मध्ये अमेरिकेत मान्य झालं. नुसत्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला इजा होते, म्हणून ते आयुष्यभरात ठराविक मात्रेपलीकडे देता येत नाही. डॉक्सिलने ती इजा खूपच कमी केली आणि असंख्य रुग्णांचं त्याने भलं झालं. पण स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ते साध्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही, बरोबरीचं ठरलं. शिवाय तळहात-तळपायांची त्वचा लाल होऊन सोलवटण्याचा त्रास त्याच्याबरोबर आला, कारण गोळ्या तिथेही पोचत होत्या. वाहक दुष्परिणामांची जागा आणि जात बदलतो. ते नाहीसे करत नाही. पुढे गाठीवरचं विशिष्ट प्रथिन ओळखणारे कणही आले. प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए धरणारा, डॉसिटॅक्सेल वाहणारा बाइंड-०१४ हा कण त्या काळी फार गाजला होता. माणसांवरच्या चाचण्यांत त्याने अपेक्षेएवढं काम केलं नाही आणि ती कंपनी २०१६मध्ये दिवाळखोरीत गेली. इतक्या कसून बनवलेल्या, इतका पैसा ओतलेल्या कणाची ही गत झाली असेल, तर प्रॅक्टिकलच्या टेबलावर बनलेल्या अल्जिनेटच्या कणाला ‘लक्ष्यवेधी’ म्हणताना हात थोडा थांबायला हवा.

सर्वांत जास्त वेळा केला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा दावा आम्लतेचा आहे. गाठीच्या आसपासचा भाग आम्लधर्मी असतो, अल्जिनेट आम्लतेला प्रतिसाद देतं, म्हणून औषध नेमकं गाठीतच सुटतं, अशी ही साखळी. पहिली कडी खरी आहे. रक्ताचा पीएच ७.४ असतो आणि गाठीतल्या पेशींबाहेरचा साधारण ६.५ ते ७ च्या मधला. दुसरी कडीही खरी आहे. पण अल्जिनेटमधल्या आम्लगटांचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे गट आयनीभूत होतात तो बिंदू, ३.४ ते ३.७ आहे. म्हणजे ७.४ वरून ६.८ वर आल्याने अल्जिनेटच्या अंगावर काहीच घडत नाही, त्याचे जवळपास सगळे आम्लगट दोन्हीकडे सारखेच आयनीभूत असतात. अल्जिनेटला जाणवेल अशी आम्लता जठरात असते. तिथेही ते आकसतं आणि औषध धरून ठेवतं, पुढे आतड्यात गेल्यावर फुगतं आणि औषध सोडतं. तोंडावाटे घ्यायच्या औषधासाठी हा गुण फार कामाचा आहे. शिरेतून गाठीकडे जाण्याच्या कामी त्याचा उपयोग नाही.

मग प्रयोगात ‘आम्लतेत जास्त सुटलं’ असं कसं दिसतं? कारण पीएच ५ चा, कधी त्याहून खालचा बफर घेतलेला असतो. पीएच ५ पेशीच्या आतल्या पिशव्यांमध्ये असतो. तिथवर जायचं तर कण आधी गाठीत पोचलेला हवा, पेशीने गिळलेला हवा, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलेलं असतं. डॉक्सोरुबिसिनवर धनभार असतो, अल्जिनेटवर ऋण. त्या ओढीने ते एकमेकांना धरून राहतात. पण शुद्ध पाण्यात टिकणारी ही पकड रक्तातल्या सोडियमसमोर सैल पडते, आणि सोडियम, फॉस्फेट यांच्या सहवासात कॅल्शियमची वीणही उसवायला लागते. औषध खास आम्लात तुटणाऱ्या रासायनिक बंधाने जोडलेलं असेल तर गोष्ट निराळी. पण मग आम्लतेला ओळखण्याचं श्रेय त्या बंधाचं आणि तो बांधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचं आहे. मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे की विद्यार्थ्याला एकदा तरी हेच कण ७.४ आणि ६.८ या दोन बफरमध्ये, मग रक्तद्रवात ठेवून बघायला सांगा. आलेख सपाट आला तर सपाट छापा. व्हायव्हाला येणाऱ्या परीक्षकानेही सपाट आलेखाचे गुण कापू नयेत.

इतकं बोलल्यावर कुणी म्हणेल, मग शेवाळाच्या पॉलिमरमध्ये काही दमच नाही का? आहे, आणि तो कुठे आहे हे नीट दाखवणारं काम न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये डॅनियल हेलर यांच्या प्रयोगशाळेत झालं. २०१६मध्ये या गटाने फ्यूकॉइडनचे नॅनोकण बनवून त्यांत वेगवेगळी कॅन्सरविरोधी औषधं भरली. फ्यूकॉइडनच निवडण्याचं कारण नेमकं होतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन येतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्याला धरतात, आणि बऱ्याच गाठींच्या रक्तवाहिन्यांवर ते भरपूर आढळतं. फ्यूकॉइडनची सल्फेटधारी साखळी पी-सिलेक्टिनला घट्ट चिकटते. शास्त्रज्ञांनी आधी माणसांच्या गाठींच्या नमुन्यांत हे प्रथिन आहे का ते पाहिलं, मग उंदरांत कण कुठे जातात ते पाहिलं. ज्या गाठींत ते प्रथिन नव्हतं तिथे किरणोत्सर्गाचा मारा करून ते आणता येतं, हेही दाखवलं. पुढे २०२३मध्ये याच कणांतून व्हिस्मोडेगिब हे औषध लहान मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीच्या उंदरांमधल्या नमुन्यात देण्यात आलं. कमी मात्रेचे किरण दिल्यावर कण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीपार गेले, आणि वाढत्या हाडांना होणारी त्या औषधाची इजा टळली. त्या औषधाने मुलांची हाडं वेळेआधी जुळून उंची खुंटते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निकालाची किंमत सांगायला नको. मी हे निबंध विद्यार्थ्यांना वाचायला देतो, कारण त्यांत प्रत्येक पायरीला पुरावा आहे.

याच निबंधांचा आधार घेऊन ‘शेवाळ कॅन्सर शोधून काढतं’ असं लिहिलं जातं, तेव्हा मात्र त्यांच्यावर अन्याय होतो. पी-सिलेक्टिन ही कॅन्सरची खासगी खूण नाही. जिथे दाह आहे तिथल्या रक्तवाहिन्यांवर ते येतं, उत्तेजित प्लेटलेटवर येतं. संधिवाताने सुजलेल्या गुडघ्यातही ते सापडेल. म्हणून कुठल्या रुग्णात, कुठल्या गाठीत, किरण दिल्यानंतर किती तासांनी हे कण द्यायचे, हे ठरवणं हाच त्या कामाचा गाभा आहे. लक्ष्य ठरवलं ते पी-सिलेक्टिनचा अभ्यास करणाऱ्या माणसांनी. फ्यूकॉइडन त्यांच्या उपयोगी पडलं ते रेणूच्या आकारामुळे आणि त्यावरच्या भारामुळे. हाच आकार आणि हाच भार प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडवला असता तर कणांनी तेच केलं असतं. समुद्राने दिलेल्या औषधांचा इतिहासही हेच सांगतो. हॉजकिन लिम्फोमावर २०११मध्ये मान्य झालेल्या ब्रेंटक्सिमॅब व्हेडोटिनमधलं विष हे सागरी गोगलगायीत प्रथम सापडलेल्या डोलास्टॅटिनच्या घराण्यातलं, पण प्रयोगशाळेत संश्लेषित केलेलं आहे. ते पेशीपर्यंत नेतं सीडी-३० ओळखणारं प्रतिपिंड. त्या गोगलगायीला कॅन्सर ओळखता येतो, असं कुणी म्हणत नाही.

नैसर्गिक म्हणून निर्धोक, या समजुतीचा प्रतिवाद करायला मला दूर जावं लागत नाही. भारतातल्या जवळपास प्रत्येक फार्माकॉलॉजीच्या प्रयोगशाळेत लाल शेवाळातून काढलेल्या कॅरागीननची बाटली असते. तिचा उपयोग काय? एक टक्क्याचं द्रावण उंदराच्या पंजात टोचायचं. काही तासांत पंजा सुजतो, लाल होतो, दुखतो. मग दाहशामक औषध देऊन सूज किती उतरते ते मोजायचं. १९६२पासून जगभर दाहशामक औषधं या पद्धतीने तपासली जातात. जो पदार्थ आइस्क्रीममध्ये घातला तर पोटाला चालतो, तोच कातडीखाली गेला की दाह उठवणारा म्हणून ओळखला जातो. पदार्थ तोच, वाट वेगळी. शिरेतून देण्याच्या वाहकाबद्दल बोलताना ‘हा तर अन्नातला पदार्थ आहे’ असं म्हणणाऱ्याने एवढी एक बाटली आठवावी.

आणि अल्जिनेट? माणसाच्या शरीरात ते तोडणारं विकरच नाही. साखळी पुरेशी आखूड असली तर ती मूत्रपिंडातून बाहेर जाते, लांब असली तर कुठेतरी राहते. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अल्जिनेटच्या मण्यांत बंद करून मधुमेही उंदरांत बसवण्याचा प्रयोग १९८०मध्ये लिम आणि सन यांनी यशस्वी केला, आणि तेव्हापासून या मार्गातला मोठा अडथळा एकच राहिला आहे. शरीर त्या मण्यांभोवती तंतुमय वेष्टन चढवतं आणि आतल्या पेशी गुदमरतात. कमी शुद्ध अल्जिनेटमध्ये जिवाणूंची अंतर्विषं आणि प्रथिनं उरलेली असतात, त्याने हे आणखी बिघडतं. तपकिरी शेवाळं समुद्रातलं आर्सेनिक गोळा करतात. हिजिकी नावाचं जपानी शेवाळ त्यातल्या असेंद्रिय आर्सेनिकमुळे खाऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४मध्ये दिला होता. फ्यूकॉइडनचं तर असं आहे की शेवाळाची जात बदलली, ऋतू बदलला, काढण्याची पद्धत बदलली की साखळीची लांबी आणि सल्फेटचं प्रमाण बदलतं. उन्हाळ्यात काढलेलं आणि हिवाळ्यात काढलेलं फ्यूकॉइडन एकाच नावाने विकलं जातं, पण दोन्ही एकच औषधी द्रव्य आहेत असं मी सही करून देणार नाही.

सल्फेटधारी नैसर्गिक बहुशर्करेच्या शुद्धतेबाबत हलगर्जी झाली तर काय होतं, हे जगाने २००८मध्ये पाहिलं आहे. डुकराच्या आतड्यातून काढलेलं हेपॅरिन दशकानुदशकं डायलिसिसमध्ये आणि शस्त्रक्रियांमध्ये वापरात होतं. त्या वर्षी अमेरिकेत हेपॅरिन दिल्याबरोबर रक्तदाब कोसळण्याचे, श्वास अडकण्याचे प्रकार सुरू झाले, आणि ८१ मृत्यूंशी त्याचा संबंध असल्याचं तिथल्या औषध प्रशासनाने सांगितलं. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात जादा सल्फेट चढवलेलं कॉन्ड्रॉइटिन मिसळलेलं होतं. ते हेपॅरिनशी इतकं मिळतंजुळतं होतं की नेहमीच्या चाचण्यांतून ते निसटलं. एमआयटीतल्या राम ससिसेखरन यांच्यासह अनेकांना आधुनिक उपकरणं लावून त्याची रचना उलगडावी लागली. हेपॅरिन म्हणजे औषधकोशात जागा असलेलं, जगभर तपासलं जाणारं औषध. त्याच्या बाबतीत हे घडलं. मग ज्या फ्यूकॉइडनच्या डब्यावर शेवाळाच्या जातीचं नावही नसतं, त्याच्याबद्दल ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असं सांगताना आपण कशाच्या आधारावर बोलतो?

डब्याचा विषय निघाला आहे तर बोलतोच, कारण माझा खरा राग तिथे आहे. नॅनोकणांवरच्या निबंधांचे दाखले देऊन फ्यूकॉइडनच्या कॅप्सूल विकल्या जातात. केमो चालू असलेल्या रुग्णाच्या घरचे लोक विचारतात, हे घेऊ का, परदेशात यावर संशोधन झालं आहे म्हणे. संशोधन झालं आहे, पण ते या कॅप्सूलवर झालेलं नाही. निबंधातले कण शिरेतून दिलेले असतात आणि त्यांच्या पोटात कॅन्सरचं औषध असतं. कॅप्सूल तोंडावाटे जाते, तिच्यात कॅन्सरचं औषध नसतं, आणि आतड्यातून फ्यूकॉइडनचे मोठे रेणू फारसे शोषलेच जात नाहीत. वाहनाबद्दलचा पुरावा दाखवून रिकामं वाहन विकलं जातं, तेही दुसऱ्याच रस्त्यावर. त्यात फ्यूकॉइडन हेपॅरिनसारखं रक्त गोठू न देण्याचं काम करतं. केमोने ज्याच्या प्लेटलेट उतरल्या आहेत, किंवा जो वॉरफॅरिन घेतो आहे, त्याने ते स्वतःच्या मनाने सुरू करणं हा खेळ नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनला त्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

‘घेतलं तर बिघडलं काय’ या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बरे होऊ शकतील अशा टप्प्यावरचे जे रुग्ण प्रचलित उपचार सोडून केवळ पर्यायी उपायांकडे गेले त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून अधिक होता. आपल्याकडे २०२४च्या नोव्हेंबरात हळद, कडुलिंब आणि आहाराने पुढच्या टप्प्याचा कॅन्सर बरा झाल्याचा दावा देशभर पसरला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढून लोकांना सावध करावं लागलं. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून डब्यावर ‘प्रतिकारशक्तीसाठी’ एवढंच छापतात आणि बाकीचं तोंडी सांगतात. विदर्भातून, खानदेशातून परळला आलेलं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का म्हणून चौकशी करणारं कुटुंब आपल्या तुटपुंज्या पैशांतून असा डबा विकत घेतं, तेव्हा तो खर्च रक्ततपासणीच्या, प्रवासाच्या, पुढच्या केमोच्या पैशांतून जातो. शास्त्रीय वाटणारा लेख लिहिताना ‘लक्ष्यवेधी’, ‘निर्धोक’ हे शब्द मोकळ्या हाताने वापरणारे आपण या विक्रीचे भागीदार होतो, असं मला वाटतं.

राहिला किनाऱ्याचा आणि स्वस्ताईचा मुद्दा. त्याचं गणित सोपं आहे. भारतात वर्षाला साधारण चौदा लाख नवे कॅन्सररुग्ण आढळतात. त्या सगळ्यांना, प्रत्येकी सहा वेळा, दर वेळी अर्धा ग्रॅम पॉलिमर दिला असं धरू. एकूण ४,२०० किलो होतात. चार टन अल्जिनेटसाठी मालवणपासून मंडपमपर्यंतचा किनारा शेतीखाली आणावा लागत नाही, आणि त्यातून कोळी कुटुंबांचं घरही चालणार नाही. शेवाळाला टनावारी मागणी आहे ती टूथपेस्ट, आइस्क्रीम, कापडछपाई आणि खतांतून. आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं ‘सागरिका’ हे द्रवखत त्याच वाटेने आलं. तमिळनाडूत मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी कापाफायकस ही लाल शेवाळाची जात कॅरागीनन देते. तिच्यातून अल्जिनेटही मिळत नाही आणि फ्यूकॉइडनही. ती मूळची फिलिपिन्सकडची, आणि मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ ती प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८मध्ये झालेली आहे. शेवाळशेती जरूर व्हावी, पण तिच्या प्रचारासाठी कॅन्सररुग्णाला पुढे करू नये. स्वस्ताईचं म्हणाल तर खाद्य दर्जाचं अल्जिनेट स्वस्त असतं. इंजेक्शनच्या दर्जाचं, अंतर्विष काढलेलं, साखळीची लांबी ठरवून दिलेलं अल्जिनेट स्वस्त नसतं, कारण किंमत शेवाळाची नसून शुद्धीकरणाची आणि तपासणीची असते.

स्वस्त उपचार हवेच असतील तर ते आपल्याकडे कसे शोधले गेले तेही बघावं. स्तनाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन हे साधं भूल देणारं औषध टोचलं तर काय होतं, याची चाचणी टाटा मेमोरियलच्या नेतृत्वाखाली सुमारे १,६०० स्त्रियांवर झाली. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्के झालं. २०२३मध्ये हा निकाल छापून आला. नवा रेणू नाही, नवा कण नाही. होती ती यादृच्छिक विभागणी, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. शेवाळाच्या वाहकांवर काम करणाऱ्यांनी या शिस्तीचा हेवा करावा.

आणि काम करायला जागा आहे. माझ्या मते ती रक्तप्रवाहात शोधण्याआधी तोंडात शोधावी. तोंडाचा कॅन्सर हे आपलं दुखणं आहे, गाठ डोळ्यांना दिसते, बोटाला लागते. तिथे औषध नेण्यासाठी यकृताच्या तावडीतून सुटायचं नसतं. अमेरिकेत कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसानच्या पट्टीत सिस्प्लॅटिनचे सूक्ष्म कण भरून ती तोंडातल्या गाठीवर लावण्याची चाचणी माणसांवर झालेली आहे. अल्जिनेट ओल्या श्लेष्मल त्वचेला चिकटतं, त्याची पातळ फिल्म सहज ओतता येते, कायटोसानशी त्याचं जमतं. इथे त्याचे खरे गुण कामी येतात. प्रश्नही सरळ मोजता येण्याजोगे आहेत. लाळेत पट्टी किती तास टिकते, औषध ऊतीत किती मिलिमीटर खोल उतरतं, रक्तात किती गळतं, तंबाखू-सुपारीने ताठर झालेल्या, व्रण पडलेल्या गालावर ती बसते की सुटून येते. हे बफरच्या भांड्यात कळणार नाही. फार्मसी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी कॅन्सर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावं लागेल, शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींवर रीतसर परवानगीने प्रयोग करावे लागतील. म्हणून विद्यापीठांकडे माझी एक मागणी आहे. कॅन्सरच्या औषधवाहकावरचा एम. फार्म. किंवा पीएच.डी.चा विषय मंजूर करणाऱ्या समितीवर निदान एक कर्करोगतज्ज्ञ असावा, आणि प्रबंधाच्या शीर्षकात ‘लक्ष्यवेधी’ हा शब्द घालायचा असेल तर यकृतात किती साठलं याचा तक्ता त्या प्रबंधात सक्तीचा असावा.